बाटलीतली आई

प्रसूतिगृहातून तळघरात फोन येतो तेव्हा पलीकडची परिचारिका एकच शब्द बोलते. "पडली." एवढं ऐकलं की वारवाल्या मावशी झाकणाचं स्टीलचं भांडं उचलतात आणि जिन्याने वर निघतात. लिफ्ट आहे, पण तिचा भरवसा नाही, आणि बाळाच्या मागून पडलेली वार फार वेळ तशीच राहिली तर कामातून जाते. नव्याने लागलेल्या एका कारकुनाने एकदा हा फोन उचलला आणि कोण पडलं, कुठे पडलं, फार लागलं का, अशी आस्थेने चौकशी करत बसला. तेव्हापासून त्या फोनला मावशींशिवाय कोणी हात लावत नाही.

वर पोचलं की प्रसूतीच्या खोलीचं दार वीतभर उघडतं. आतून हातमोज्यांतले दोन हात रिकामं भांडं घेतात, भरून परत देतात, आणि दार लागतं. मावशींची नोकरी त्या दारापाशी सुरू होते. इतक्या वर्षांत त्या आत कधी गेल्या नाहीत. कधी फोनची वाट न पाहता त्या आधीच दाराशी येऊन थांबतात; तेव्हा आत काय चाललंय ते त्यांना आवाजांवरून कळतं, आणि बाळाने पहिला टाहो फोडला की त्या झाकण काढून हातात तयार ठेवतात.

वार साधारण जेवणाच्या ताटाएवढी असते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आईकडची बाजू गडद लाल आणि फुगीर खवल्यांची. बाळाकडची गुळगुळीत, निळसर, बहुतेकदा मधोमध नाळ आणि तिथून कडेपर्यंत पसरलेल्या रक्तवाहिन्या. तळघरात आल्यावर मावशी ती दिव्याखाली धरतात, कुठेही न फाटलेला एक भाग निवडतात, त्या भागाला रक्त नेणारी आणि आणणारी वाहिनी शोधतात आणि बुटाच्या नाडीहून बारीक अशा त्या वाहिन्यांमध्ये नळ्या सरकवून रेशमी दोऱ्याने गाठ मारतात. मग तो भाग अंगाइतक्या उबदार पेटीत बसतो आणि दोन पंप सुरू होतात. एका बाटलीतलं पाणी वारेच्या आईकडच्या बाजूने वाहतं, दुसऱ्या बाटलीतलं बाळाकडच्या. पहिल्या बाटलीला सगळे 'आई' म्हणतात, दुसरीला 'बाळ'. "आई भरली का?" "बाळ गळतंय, टाकून द्या," अशी वाक्यं तिथे दिवसभर चालू असतात. पाहुणे दचकतात.

'आई'त निरनिराळी मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, खूण करून सोडलेली असतात. 'बाळा'त त्यांतलं काय आणि किती उतरलं हे पाहायचं, एवढाच सगळा खटाटोप. आईच्या रक्तात स्निग्धांश मोठाल्या गाठोड्यांतून फिरतो. गाठोडं जसंच्या तसं पलीकडे जात नाही. वार ते आपल्या पृष्ठभागावर सोडते, सुटी मेदाम्लं आत ओढून घेते, काही स्वतःला ठेवते, काही पुढे पाठवते. पाठवतानाही सगळ्यांना सारखा न्याय नाही. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारं, माशांच्या तेलात असतं ते डीएचए, ती पुढे काढते. इतरांना रांगेत ठेवते. "चोखंदळ आहे हो कारटी," असं मावशी म्हणतात.

या कामावर त्या आल्या शिवणखोलीतून. त्याच रुग्णालयात चादरी आणि डगले दुरुस्त करायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती, आणि शिवणखोलीचा पगार बेताचा. एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई फाटलेला कोट घेऊन आल्या. मावशींनी कोपरावरचं भोक असं रफू केलं की बाईंना ते शोधावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या, या वेळी भांडं घेऊन. झाकण उघडून म्हणाल्या, "याला टाका घालता येईल का बघा." मावशींनी आधी खिडकी उघडली, दोन वेळा थुंकी गिळली आणि मग दोरा ओवला. पुढचं शिक्षण बाईंनी दिलं. दहा वारा हाती घ्याव्यात तेव्हा कुठे चार नीट चालतात, बाकीच्या गळतात, हा हिशेब तेव्हाही होता आणि आजही आहे.

मुलगी मोठी झाली. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून घरात तिला ढब्बू म्हणत, ते नाव राहिलं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासते, फ्रेमी बसवते, डोळेही तपासते. तिचा नवरा मागच्याच गल्लीत बेकरीत भट्टीवर असतो. लग्नानंतर काही वर्षांनी ढब्बूला दिवस राहिले आणि तिने आईला सांगितलं, "तुमच्याच रुग्णालयात नाव घातलंय. खोलीत एकच माणूस घेतात ना? तू ये."

मावशी "बरं" म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. आनंद झाला की त्यांना भांडी घासावीशी वाटतात. त्या दाराच्या आत जायचं, तेही आपल्या मुलीसाठी, हे त्यांनी दोन-तीन दिवस कोणालाच सांगितलं नाही. मग सगळ्यांना सांगितलं, लिफ्टवाल्यासकट.

सगळं बिघडलं ते माशावरून. ढब्बूला लहानपणी बांगडा फार आवडायचा. आता माशाच्या नावानेही पोटात ढवळायचं. एरवी कोणत्याही आईने म्हटलं असतं, नको तर नको, होईल दोन महिन्यांत बरं. मावशींना ते जमेना. त्या रोज तळघरात पाहत होत्या: 'आई'त जेवढं डीएचए घातलं तेवढ्यातूनच 'बाळा'ला मिळतं. बाटलीत नाही घातलं तर पलीकडे शून्य. ढब्बूच्या पोटात गेले कित्येक आठवडे बांगडा नव्हता. म्हणजे नातवंडाच्या वाट्याला काय? आणि सगळ्यात जास्त ओढ तर शेवटच्या तीन महिन्यांत.

त्या हात धुऊन मुलीच्या मागे लागल्या. संध्याकाळी दुकानात डबा घेऊन हजर. उकडलेला मासा, भाजलेला मासा, मासा वाटून बटाट्यात लपवलेला. ढब्बू डबा उघडायच्या आधीच ओळखायची.

"आई, मी गरोदर आहे, मत्स्यालय नाही."

"एक घास खा. औषध म्हणून."

"औषध म्हणून बाहेर ठेव. गिऱ्हाईक बसलंय."

मासा नाही तर अक्रोड, अक्रोड नाही तर जवसाची पूड. जवसातलं मेदाम्ल वेगळं, शरीराला त्यापासून डीएचए करायला फार थोडं जमतं, हे मावशींना माहीत होतं. त्यामुळे जवस देतानाही त्या नाखूश असायच्या आणि तसं बोलून दाखवायच्या. मुलीच्या नाकी नऊ आले. मग तिने ऐकून न ऐकल्यासारखं करायला सुरुवात केली. मावशींना वाटलं, हट्टीपणा. बाळाचे डोळे आणि मेंदू पणाला लागलेत, आणि ही नाकाला पदर लावून बसलीय.

शेवटी त्यांनी जावयाला गाठलं. जावई पीठ मळत होते.

"तुमच्या हातात आहे आता," मावशी म्हणाल्या आणि माशाच्या तेलाची बाटली पुढे केली. "ती तुमचा पाव खाते ना रोज? त्यात घाला."

"आई, तिला कळेल हो."

"वास येत नाही. बाटलीवर लिहिलंय."

जावयांनी झाकण काढून हुंगलं आणि बाटली हातभर लांब धरली. "लिहिणाऱ्याला सर्दी होती वाटतं."

"लिंबाची साल किसून घाला. दालचिनी घाला. तुम्ही एवढे कारागीर!"

जावई स्वभावाने गरीब. बायकोला दुखवणं त्यांना जमत नाही आणि सासूला नाही म्हणणंही जमत नाही. दोघींच्या मध्ये त्यांनी सासूची निवड केली, कारण ती समोर उभी होती. दुसऱ्या दिवशी लिंबू आणि दालचिनीचा एक गोड पाव वेगळा भाजला गेला.

ढब्बूने त्यातला अर्धा दुकानात चहाबरोबर खाल्ला. थोड्या वेळाने एका शाळामास्तरांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत असताना तिला ढेकर आला. त्या ढेकरात लिंबू होतं, दालचिनी होती आणि बांगडा होता. मास्तरांचं नाक वाचलं, पण शेजारचा मखमली ट्रे वाचला नाही, आणि त्यातल्या फ्रेमीही. मास्तर भला माणूस, पाणी आणायला धावले. मात्र फ्रेम न घेताच गेले.

उरलेला पाव तिने मोडून हुंगला. भट्टीवर जाऊन नवऱ्यासमोर धरला. त्यांनी दोन मिनिटंही दम काढला नाही.

त्या संध्याकाळी मावशी दुकानाशी पोचल्या तेव्हा शटर अर्ध्यावर होतं. आत वाकून गेल्या. ढब्बू ट्रेची मखमल घासत होती.

"गुपचूप घातलंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"तुझ्याच..."

"माझ्या भल्यासाठी नाही. माझ्या पोटातल्यासाठी. मी मधली. मला विचारायचं कारणच नाही."

"असं कुठे म्हटलं मी?"

"म्हणावं कशाला लागतंय? दिवस राहिल्यापासून मला विचारलंस कधी, झोप लागते का, पाय दुखतात का? काय खाल्लंस, किती खाल्लंस, एवढंच. गाडीत पेट्रोल घालणारा माणूससुद्धा 'कसं काय' विचारतो." तिने मखमल आपटली. "खोलीत तू नको. मी सासूबाईंना सांगते."

मावशी शटरखालून वाकून बाहेर आल्या आणि घरापर्यंत चालत गेल्या. त्या दिवशी भांडी तशीच पडली.

दुसऱ्या दिवशी आलेली वार चांगली होती. कुठे फाटली नव्हती, नळ्या पहिल्या खेपेला बसल्या, 'बाळ' गळत नव्हतं. मावशी पंपाकडे बघत बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, "काय झालं? एवढी गुणी वार आणि तोंड असं?" तेव्हा मावशींनी सगळं सांगितलं. पावाचंही.

बाई आधी हसल्या. ते आवरेना म्हणून त्यांनी चष्मा काढला. "भट्टीत घातलंत? अहो, ते तेल नाजूक. तेवढ्या तापात त्यातलं धड किती उरलं असेल, देव जाणे. म्हणजे पोरीला वास मिळाला आणि नातवंडाला काहीच नाही."

"हसा तुम्ही. तिने मला खोलीतून काढलं."

"मग काय करेल?" बाईंनी खुर्ची ओढली. "मला सांगा, ही आई किती जुनी आहे?" त्यांनी 'आई' लिहिलेल्या काचेच्या बाटलीवर बोट टेकवलं.

"सकाळी भरली."

"हिने गेल्या वर्षी काय खाल्लं? त्याच्या आधीच्या वर्षी?"

मावशींनी बाटलीकडे पाहिलं.

"बाटलीला मांड्या नसतात, मावशी. बाईला असतात. तुमच्या मुलीने आजवर जे खाल्लं त्यातलं काही ना काही तिच्या मांड्यांत, कमरेत चरबी होऊन बसलंय. शेवटच्या महिन्यांत ती चरबी सुटते, रक्तात येते, आणि वार त्यातूनही निवडून घेते. आज सकाळच्या ताटावर सगळं अवलंबून असतं तर उलट्या करणाऱ्या बायकांची पोरं जगली असती का? म्हणजे खाऊ नये असं नाही. साठा सगळ्यांचा सारखा नसतो, आणि चालू खाणंही मोजलं जातंच. म्हणून तर डॉक्टर विचारतात, काही देतात. पण तुमची मुलगी म्हणजे बाटली नव्हे."

हे मावशींना माहीत नव्हतं असं नाही. चरबीच्या साठ्याबद्दल बाई पाहुण्यांना समजावून सांगायच्या तेव्हा त्या तिथेच उभ्या असायच्या, कित्येकदा. पण त्यांच्या हातांनी इतकी वर्षं ज्या आईची निगा राखली तिला तळाशी रबरी नळी होती आणि वर बूच. ती बोलत नसे, नको म्हणत नसे, आणि जे ओतावं तेच तिच्यात असे. ढब्बूला त्यांनी त्याच जागी बसवलं होतं. बरं, साठा कोणी भरला होता? शाळेतून आल्यावर कढईभोवती घिरट्या घालणाऱ्या पोरीला बांगडा कोणी वाढला होता, आठवड्यातून दोनदा, पगार कितीही बेताचा असला तरी?

"पंप बघा," बाई म्हणाल्या. मावशींनी पंप पाहिला. ठीक चालला होता.

माफी कशी मागायची हे त्यांना येत नव्हतं, म्हणून त्या गिऱ्हाईक होऊन गेल्या. वाचायच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, ते खरंच होतं. हल्ली गाठ मारताना दोरा दोन दिसायचा. हातात डबा नव्हता. ढब्बूने आधी हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि खुर्ची दाखवली. तपासणीची जड फ्रेम तिने आईच्या नाकावर ठेवली आणि एकेक काच घालू लागली.

"वाच."

"ढब्बू, माझं चुकलं."

"खालून तिसरी ओळ, आई. वाच म्हटलं, बोल नाही म्हटलं."

मावशींनी ओळ वाचली. दोन अक्षरं चुकली. काच बदलली.

"आता?"

"आता बरं दिसतंय. तुला मी बाटलीसारखं धरलं. रोज काय ओततेय तेवढंच बघत बसले. तू एवढी वर्षं खाल्लंस, वाढलीस, ते सगळं विसरले."

"ही ओळ."

त्यांनी तीही वाचली, या खेपेला बिनचूक. ढब्बूने फ्रेम काढून घेतली आणि नंबर लिहिता लिहिता म्हणाली, "डॉक्टरांनी मला गोळी दिलीय. शेवाळापासून करतात. डीएचएचीच. वास नाही, काही नाही. कधीची घेतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रोज गोळ्या मोजायला आली असतीस."

ती गोळी किती ताकदीची, जेवणाआधी की नंतर, हे मावशींच्या जिभेच्या टोकावर होतं. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "पाय दुखतात का?"

"मरणाचे."

मावशींनी स्टूल ओढलं, मुलीचे पाय मांडीवर घेतले आणि दाबू लागल्या. एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि पाच मिनिटांनी येतो म्हणून गेलं. खोलीचं विचारावं असं मावशींच्या मनात शंभरदा आलं. विचारलं नाही. उठताना ढब्बूच म्हणाली, "सासूबाईंना सांगून झालंय. आता फिरवाफिरवी कशी करू? बघू."

त्या 'बघू'वर मावशी पुढचे आठवडे राहिल्या. दुकानात जायच्या, पाय दाबायच्या, शेजारच्या भांडणाची बातमी सांगायच्या. जेवणाचा विषय निघाला की कानाला खडा. जावई सांगायचे की बायको आता स्वतः विचारते, आई आज का नाही आली म्हणून. पण खोलीबद्दल त्यांनाही ताकास तूर लागू दिली जात नव्हती.

तो दिवस उजाडला तेव्हा मावशी तळघरात नळ्या धूत होत्या. ढब्बूला वर आणलंय हे त्यांना ठाऊक होतं. सकाळीच जिन्यात भेटून आल्या होत्या. विहीणबाई शाल पांघरून तिच्या शेजारी चालत होत्या, आणि मावशींनी काही न बोलता मुलीची पिशवी उचलून दारापर्यंत नेली होती. मग खाली आल्या, कारण त्यांची जागा खाली होती. फोन वाजला तेव्हा सवयीने एक हात रिसीव्हरवर गेला, दुसरा भांड्यावर.

पलीकडे परिचारिका नव्हती, जावई होते. धाप लागलेले.

"आई, वर या. ती म्हणतेय, भांडं ठेवून या."

मावशींनी भांडं ठेवलं. बाईंनी ते उचललं. "जा तुम्ही. वारेचं मी बघते."

दारापाशी विहीणबाई बाकावर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झालेला होता. "बरं झालं बाई तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "मला रक्त बघवत नाही हो. तिला नाही कसं म्हणू म्हणून कसंबसं हो म्हटलं होतं. आत्ता आतून बोलावणं आलं, 'सासूबाई, तुम्ही बसा, आईला पाठवा,' तेव्हा जीव भांड्यात पडला."

दार उघडलं. या वेळी वीतभर नाही, पुरतं.

आतली खोली मावशींना वाटली होती त्याहून लहान होती. ढब्बूने हात पुढे केला आणि आईचा पंजा इतक्या जोराने धरला की बोटं एकमेकांवर चढली. "काही सांगू नकोस," ती दातांतून म्हणाली. मावशींनी काही सांगितलं नाही. दुपारच्या जेवणाच्या गाड्या बाहेरून खडखडत गेल्या आणि परत आल्या, तरी हात सुटला नाही. मग तो आवाज झाला जो ऐकून मावशी दाराबाहेर झाकण काढायच्या. या खेपेला त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि दोन्ही हातांचं काय करावं हे त्यांना थोडा वेळ कळलं नाही. परिचारिकेने त्यांत बाळ ठेवलं. मुलगी होती, ओली, सुरकुतलेली, आणि डोळे उघडे.

काही मिनिटांनी वार पडली. ती कुठून आणि कशी येते हे मावशींनी आज पाहिलं. परिचारिका भांडं भरून वळली आणि सवयीने त्यांच्याकडेच घेऊन आली.

"बाई दारात आहेत," मावशी म्हणाल्या. "त्यांना द्या."

"बघून घे एकदा," ढब्बू उशीवरून म्हणाली. "नाहीतर जन्मभर ऐकवशील."

मावशींनी वाकून पाहिलं. मोठी होती, रंगाने छान, पण नेमकी मधोमध चिरलेली. ही बहुधा गळणार. हिच्यातून 'बाळा'त किती उतरलं असतं ते आता कळायचं नाही. त्यांनी मान हलवली, "छान आहे," म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं. भांडं दाराबाहेर गेलं.

बाळ छातीशी घेऊन ढब्बू जरा वेळ पडून राहिली. मग म्हणाली, "आई, भूक लागलीय. भयंकर."

खोलीतल्या परिचारिकेने मावशींकडे पाहिलं. पावाची गोष्ट तोवर सगळ्या मजल्यावर पोचली होती.

"काय आणू?" मावशींनी विचारलं. ढब्बूला दिवस राहिल्यापासून हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता.

ढब्बूने बराच विचार केला. "टोस्ट. नुसता, लोणी लावून. आणि भाजणाऱ्याला इथे उभा कर, माझ्यासमोर पहिला घास त्याला खाऊ दे."

मावशी दाराबाहेर जाऊन जावयांना हाक मारू लागल्या.